जोझे लेवगॉय : ब्राझीलचा हुकमी व्हिलन

फिल्लमबाज :

ब्राझीलचा व्हिलन म्हटलं की आपल्याकडे पटकन ३०० मधला क्सेरक्सीस झालेला रोद्रिगो सांतोरो आठवतो, नाहीतर नार्कोसमधला वाग्नेर मौरा, आणि ज्यांनी सिटी ऑफ गॉड बघितलाय ते लगेच झे पेकेनोचं नाव घेणार. ते सगळे बाजूला ठेवा. मला लिहायचंय त्यांच्या कितीतरी आधीच्या माणसाबद्दल, जोझे लेवगॉय. गेले काही दिवस याचे जुने पिक्चर शोधून शोधून बघतोय आणि घरी ऐकायला कोणी तयार नाही म्हणून इथे डोकं खातो.

जन्म १६ नोव्हेंबर १९२०, ब्राझीलच्या पार दक्षिणेला रिओ ग्रांदे दो सुल राज्यात वेरानोपोलिस नावाचं गाव आहे तिथला. वडील रशियन, आई अमेरिकन, ज्यू कुटुंब. म्हणजे समुद्रकिनारा, सांबा वगैरे जे आपल्या डोक्यात ब्राझील असतं त्याच्याशी याचा लहानपणी काही संबंध नाही. पोर्तो अलेग्रेला नाटक केलं, भाषांतराची कामं केली, मग स्कॉलरशिपवर थेट अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीत जाऊन नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलं. आता एवढं शिकून आलेल्या माणसाला पहिलं गाजलेलं काम काय मिळावं, तर कार्निव्हलच्या धांगडधिंगा पिक्चरमध्ये हॉटेल लुटणाऱ्या टोळीच्या म्होरक्याचं!

पिक्चर म्हणजे १९४९ चा कार्नावाल नो फोगो, डायरेक्टर वॉटसन मासेदो. कंपनी अतलांतिदा. या कंपनीबद्दल थोडं सांगायलाच लागेल. १९४१ साली रिओत सुरू झाली, मोआसिर फेनेलोन आणि जोझे कार्लोस बुर्ले ही त्यातली मुख्य मंडळी, आणि सुरुवातीला त्यांना चांगले गंभीर सामाजिक सिनेमे काढायचे होते. पण १९४७ मध्ये लुइझ सेवेरियानो रिबेइरोने कंपनी ताब्यात घेतली. हा थेटरांच्या साखळीचा मालक, वितरणही याचंच, आणि सरकारचा नियम असा की थेटरवाल्यांनी ठराविक संख्येने देशी पिक्चर लावलेच पाहिजेत. गड्याने हिशोब केला की लावायचेच आहेत तर आपणच काढू, कमी पैशात काढू आणि पब्लिकला हसवू. त्यातून जो माल निघाला त्याला म्हणायचे शांशादा. कार्निव्हलच्या तोंडावर रिलीज करायचे, त्या वर्षीची गाणी घुसवायची, ऑस्करितो आणि ग्रांदे ओतेलो ही कॉमेडी जोडी, देखणा हिरो म्हणून आन्सेल्मो दुआर्ते (पुढे सिल फार्नी), हिरोईन एलियाना, जी डायरेक्टर मासेदोची भाचीच होती/पुतणी, जे काय असेल ते, आणि शेवटी राहिली व्हिलनची जागा. ती लेवगॉयने जी पकडली ती सोडलीच नाही.

कार्नावाल नो फोगोमध्ये तो आंजो नावाच्या टोळीप्रमुखाचं काम करतो, गंमत म्हणजे नावाचा अर्थ देवदूत. टोळी कोपाकाबाना पॅलेस हॉटेलात दरोड्याच्या तयारीत, ओळख पटवायची खूण म्हणजे एक सिगारेट केस, ती चुकून हिरोच्या हातात पडते आणि टोळीला वाटतं हाच आपला बॉस. कथा एवढीच. बाकी गाणी आणि ऑस्करितो रोमिओ अन ग्रांदे ओतेलो ज्युलिएट असा एक सीन, ओतेलो डोक्यावर सोनेरी टोप घालून, ब्राझीलमध्ये आजही लोक त्या सीनबद्दल बोलतात. पण मी बघताना लेवगॉयवरून नजर हटत नव्हती कारण आजूबाजूला सगळे माकडचेष्टा करतायत आणि हा एकटा जणू शेक्सपिअरच्या नाटकात उभा असल्यासारखा गंभीर. उंच कपाळ, जाड भुवया, रोखून बघणं. एकदाही डोळा मारत नाही की बघा मी पण मजाच करतोय. माझं म्हणणं असं की त्या पिक्चरची कॉमेडी चालते ती याच्यामुळे. व्हिलनची खरोखर भीती वाटली तरच ऑस्करितोच्या पळण्याला हसू येतं.

मग लाइनच लागली. अविझो आउस नावेगांतेस (१९५०) मध्ये ब्युनोस आयरेसहून रिओला निघालेल्या बोटीवर हा प्रोफेसर स्कारामूश, जादूगाराच्या वेषातला हेर. कार्नावाल अतलांतिदा मध्ये काउंट वेर्दुरा. १९५४ ला कार्लोस मांगाने हाय नून या अमेरिकन वेस्टर्नचं विडंबन केलं, मातार ऊ कोर्रेर, त्यात ऑस्करितो घाबरट शेरीफ किड बोल्या आणि लेवगॉय सूड घ्यायला परत येणारा गुंड जेसी गॉर्डन. हा मात्र सगळ्यांनी बघाच, हाय नून बघितला असेल तर डबल मजा.

पुढचं (पॅरिस, ग्लाउबेर रोशा, हर्झोग) प्रतिसादात लिहितो, लंच टाइम संपला.

टिंगलटवाळ :

म्हणजे येलला जाऊन डिग्री घेतली आणि गावी येऊन दरोडे घातले. आमच्या वर्गातले दोघे-तिघे आठवले, त्यांनी डिग्री न घेताच घातले.

वाचतोय, लवकर टाका पुढचं.

आज्जीचा_चष्मा :

छान धागा! फिल्लमबाज, तुम्ही ते "एकटाच गंभीर" लिहिलंय ना, त्यावरून मला लगेच निळूभाऊ आठवले. तमाशापटात आजूबाजूला गणगौळण, सोंगाड्याचा पाचकळपणा, सगळं चालू असायचं आणि निळू फुले पानाची पिंक टाकून नुसते बघायचे, अंगावर काटा यायचा. एक शंका आहे, असल्या पिक्चरना तिकडच्या समीक्षकांनी काही किंमत दिली का? आपल्याकडे नाही मिळाली फार.

फिल्लमबाज :

@आज्जीचा_चष्मा, अजिबात नाही दिली. तेव्हाच्या पेपरवाल्यांनी शांशादाला यथेच्छ शिव्या घातल्यात, फालतू, अडाणी लोकांसाठी, हॉलिवूडची भ्रष्ट नक्कल वगैरे. त्याच वेळी म्हणजे १९४९ लाच साओ पावलोत बड्या उद्योगपतींनी व्हेरा क्रूझ नावाची कंपनी काढली, तिचा थाट मोठा, परदेशातून तंत्रज्ञ आणले, मोठे स्टुडिओ बांधले, आम्ही दर्जेदार सिनेमा काढणार. पाचेक वर्षांत दिवाळं वाजलं. अतलांतिदा १९५२ च्या आगीत स्टुडिओ जळूनसुद्धा १९६२ पर्यंत पिक्चर काढत राहिली. दर्जावाले बुडाले आणि फालतूवाले टिकले, काय बोलणार. नंतर साठ-सत्तरच्या दशकात अभ्यासक मंडळींना साक्षात्कार झाला की अरे ह्यात तर आपली बोली, आपली गरिबी, सगळं होतं की.

मांडवीकाठ :

लेवगॉयवर मराठीत धागा!! आज काय उगवलंय म्हणायचं. मी याला उलट्या बाजूने ओळखतो, आधी तेर्रा एं त्रांझी बघितला आणि नंतर कळलं की हा माणूस विनोदी पिक्चरमधला गुंड होता. फिल्लमबाज लिहिणारच आहे पण माझ्याच्याने राहवत नाही.

१९६७ चा सिनेमा, डायरेक्टर ग्लाउबेर रोशा, सिनेमा नोव्हो या तिकडच्या नव्या सिनेमाच्या चळवळीतला सगळ्यात तापट माणूस. ब्राझीलमध्ये १९६४ ला लष्कराने सत्ता घेतलेली, तीन वर्षांनी हा सिनेमा येतो, एलदोरादो नावाच्या काल्पनिक देशाचा. एक कवी आहे पाउलो (जार्देल फिल्यू), तो एकदा उजव्या पुढाऱ्याकडे जातो, एकदा लोकप्रिय पुढाऱ्याकडे जातो आणि दोन्हीकडून पोळतो. उजवा म्हणजे पोर्फिरियो दियास, पाउलो आउत्रान, काळा झेंडा आणि क्रूस घेऊन फिरणारा, तो सरळसरळ राक्षस आहे. आणि लोकप्रिय पुढारी फेलिपे व्हिएरा म्हणजे आपला लेवगॉय. हसतमुख, गर्दीत मिसळणारा, लोकांच्या खांद्यावर हात टाकणारा, निवडणुकीत गरीब शेतकऱ्यांना जमिनीची आश्वासनं देणारा. जिंकल्यावर तेच शेतकरी दारात येतात, त्यांचा एक माणूस मारला जातो, संशय जमीनदारावर, आणि व्हिएरा काय करतो तर काही नाही, कारण निवडणुकीचा खर्च त्याच जमीनदारांनी केलेला. शेवटी उजवे सत्ता बळकावतात तेव्हा लढायची वेळ येते आणि हा म्हणतो रक्त सांडायला नको, आणि राजीनामा लिहून देतो.

आता विचार करा, थेटरातल्या ब्राझिलियन माणसाने या चेहऱ्याला आधी गुंड, हेर, दरोडेखोर म्हणूनच बघितलंय. आणि तोच चेहरा आता हात जोडून मत मागतोय. ग्लाउबेरने मुद्दाम घेतला असेल का हे तो गेल्यामुळे विचारता येत नाही पण परिणाम जबरदस्त होतो, व्हिएरा प्रेमाने हसला की पोटात गोळा येतो. माझ्या मते ही लेवगॉयची सगळ्यात मोठी भूमिका, आणि त्यात तो व्हिलन आहे की बिचारा आहे हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अवांतर : सेन्सॉरने आधी बंदी घातली, मग उठवताना एक अट अशी घातली की सिनेमातल्या पाद्र्याला काहीतरी नाव द्या. नाव नसेल तर तो अख्ख्या चर्चचा प्रतिनिधी वाटतो म्हणे. काय डोकी असतात एकेकाची. त्याच वर्षी कान्समध्ये सिनेमाला समीक्षकांचा फिप्रेसी पुरस्कार मिळाला.

टिंगलटवाळ :

निवडणुकीचा खर्च जमीनदाराने केला आणि नंतर पुढारी गप्प बसला. बरं झालं काल्पनिक देश आहे.

मी_विदर्भाची :

@मांडवीकाठ, व्हिएरा बिचारा? काय बिचारा? माझ्या मते तोच खरा व्हिलन आहे. दियास निदान तोंडावर सांगतो की मी चिरडणार आहे. ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने ऐन वेळी शेपूट घातली की जास्त नुकसान होतं. तो शेतकरी मेला त्याच्या बायकोला जाऊन विचारा बिचारा कोण ते.

मांडवीकाठ :

@मी_विदर्भाची, ताई मुद्दा मान्य. पण लेवगॉयने त्याला नुसता लबाड केला नाही, राजीनामा देतानाचा त्याचा चेहरा थकलेला आहे, मला तिथे खोटेपणा दिसत नाही. पुन्हा बघून सांगा.

साओपावलोकर :

उशिरा आलो धाग्यावर. मी नोकरीनिमित्त इकडे आहे, बायको ब्राझिलियन, सासूबाईंना लेवगॉय म्हटल्यावर त्यांनी सिनेमाचं नावसुद्धा घेतलं नाही, त्यांच्यासाठी तो टीव्हीवाला! सत्तरच्या दशकापासून ग्लोबो चॅनेलच्या नोव्हेलांमधून तो सतत असायचा, डान्सिन डेज (१९७८), लोको आमोर (१९८३), त्यात तो एद्गार ड्युमाँ. लोको आमोरमध्ये तर खलनायकी तेरेझा राशेलकडे होती आणि हा ढंगदार श्रीमंत म्हातारा. म्हणजे इकडच्या एका अख्ख्या पिढीला तो व्हिलन होता हेच माहीत नाही.

नोव्हेला म्हणजे आपल्या मालिकांसारख्या वर्षानुवर्षं ताणत नाहीत हं, साधारण सहा-आठ महिन्यांत संपतात, पण रात्रीच्या त्या वेळेला आजही घरात कोणाला फोन करायची सोय नाही. आणि खरं सांगायचं तर इकडे व्हिलन हा विषय निघाला की पुरुष नटांचा नंबर नंतर लागतो, पहिलं नाव ओदेची रोयतमान. वाले तुदो, १९८८, बेआत्रीस सेगाल या नटीने केलेली. पैसेवाली, स्वतःच्याच देशाचा तिरस्कार करणारी बाई. २४ डिसेंबर १९८८ च्या भागात तिचा खून झाला आणि ६ जानेवारीला शेवटच्या भागात खुनी कोण ते कळलं, मधले दिवस अख्खा देश तोच विषय चघळत होता. २०२५ ला नवीन व्हर्जन आलं तर पुन्हा तेच, सासूबाई आणि मेव्हणी दोघी डायनिंग टेबलावर संशयितांची यादी घेऊन बसलेल्या.

आज्जीचा_चष्मा :

@साओपावलोकर, आहाहा, सासूबाईंना नमस्कार सांगा. आमच्याकडे पण हेच चालतं फक्त यादी घेऊन मी बसते.

काळरात्र_१३ :

इतके प्रतिसाद झाले आणि झे दो कायशांऊचं नाव कोणीच घेतलं नाही? ब्राझिलियन व्हिलन म्हणजे हे पात्र करणारा जोझे मोजिका मारिन्स, विषय संपला. जन्म शुक्रवार १३ मार्च १९३६, यापेक्षा चांगला मुहूर्त काय असणार. १९६४ चा मध्यरात्री तुझा आत्मा नेईन अशा अर्थाच्या नावाचा पिक्चर, त्यात काळी हॅट, काळा झगा, वाढलेली नखं, गावात अंत्यविधीचा धंदा करणारा माणूस ज्याला देव, पाप, भूत काहीच मान्य नाही आणि ज्याला स्वतःचा वंश चालवायला परिपूर्ण बाई पाहिजे. त्यासाठी खून पाडत सुटतो. गुड फ्रायडेला सगळे उपवास करतायत आणि हा खिडकीत उभा राहून मिरवणूक बघत मटण खातोय, साठच्या दशकातल्या कॅथलिक देशात! डायरेक्टर तोच, लेखक तोच, नट तोच. ती नखं त्याने खरोखरची वाढवली होती. लेवगॉय चांगला आहे हो, पण तो पगारी व्हिलन, हा जन्मजात.

फिल्लमबाज :

@काळरात्र_१३, मारिन्सबद्दल वादच नाही, पण तो एकच पात्र करत राहिला. तीन भागांतला शेवटचा तर २००८ ला काढला, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं एकाच झग्यात. २०२० ला गेला तेव्हाही पेपरांत मथळ्यात त्याच्या नावाच्या आधी पात्राचं नाव. तसंच मिल्टन रिबेइरोचं झालं. १९५३ चा ओ कांगासेइरो, व्हेरा क्रूझचा, कान्सला सर्वोत्तम साहसपटाचं बक्षीस मिळालेला, त्यात त्याने दरोडेखोरांचा कप्तान गालदिनो असा काही केला की पुढे आयुष्यभर डोक्यावर तीच चामड्याची टोपी. (अवांतर म्हणजे त्या पिक्चरचे परदेशातले हक्क कोलंबियाला देऊन टाकल्यामुळे जगभर चालूनही व्हेरा क्रूझच्या पदरात फारसं काही पडलं नाही.) आणि विल्सन ग्रे, लेवगॉयच्याच टोळीत मागे उभा राहणारा बारक्या चणीचा गुंड, दीडशेच्या वर सिनेमे, एकदाही बॉस झाला नाही बिचारा!

लेवगॉयचं वेगळेपण मला हेच वाटतं की शिक्का बसल्यावर तो उठून चालता झाला. १९५४ ला मातार ऊ कोर्रेर करून, म्हणजे धंदा तेजीत असताना, पॅरिस गाठलं आणि जवळजवळ दहा वर्षं तिकडे राहिला, फ्रेंच पिक्चरमध्ये छोटीमोठी कामं केली. रिओत स्टार आणि पॅरिसमध्ये कोण रे तू. घरच्यांना काय वाटलं असेल. परत आला तेव्हा शांशादा संपलेले, अतलांतिदा बंद, सरकार बदललेलं, आणि त्याला व्हिएरा मिळाला. तो पॅरिसला गेला नसता तर कार्निव्हलचा गुंड म्हणूनच म्हातारा झाला असता असं माझं ठाम मत आहे.

काळरात्र_१३ :

एकच पात्र पण कसलं पात्र. असो, तुम्ही पुढे चला, हर्झोग राहिलाय.

फिल्लमबाज :

हो, हर्झोग, जर्मन डायरेक्टर. फित्झकाराल्डो, १९८२. ३२० टनाची बोट पेरूच्या जंगलात डोंगरावरून ओढून नेणारा तोच तो वेडा सिनेमा. आधी जेसन रॉबर्ड्स आणि मिक जॅगरला घेऊन बरंच शूटिंग झालेलं, रॉबर्ड्स आजारी पडला, जॅगरला दौऱ्यावर जायचं होतं, सगळं फेकून क्लाउस किन्स्कीला घेऊन पहिल्यापासून सुरुवात. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात रबराच्या धंद्यातला बडा शेठ दोन आकिलिनो आहे ना, जो किन्स्कीला नकाशावर कुठला भाग कोणाचा ते समजावतो आणि ती जुनी बोट विकतो, तो लेवगॉय. पांढऱ्या कपड्यात, अदबशीर, आवाज चढवत नाही. किन्स्की शेजारी उभा राहून डोळे गरागरा फिरवतोय आणि हा शांतपणे रबर कसं काढतात ते दाखवतोय, आणि त्याच्या त्या शांतपणातच तुम्हाला कळतं की या श्रीमंतीखाली तिथली किती आदिवासी माणसं गाडली गेली असतील. आंजोची तीच युक्ती, बाकीच्यांना वेडेपणा करू द्यायचा आणि आपण हलायचं नाही.

आणि याच सिनेमात रेल्वे नसलेल्या रेल्वे स्टेशनचा इमानी स्टेशनमास्तर आहे तो कोण? ग्रांदे ओतेलो! कार्नावाल नो फोगोमधली ज्युलिएट. तेहतीस वर्षांनी दोघे एका जर्मन माणसाच्या सिनेमात. हर्झोगच्या चाहत्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे, मला ते बघून इतका आनंद झाला की पॉज करून बसलो.

१९८७ ला कोब्रा व्हेर्दे, पुन्हा हर्झोग पुन्हा किन्स्की, तिथे लेवगॉय उसाच्या मळ्याचा मालक दोन ऑक्टाव्हियो. किन्स्कीला गुलामांवर मुकादम नेमतो, किन्स्की त्याच्या तिन्ही मुलींना गरोदर करतो, मग मालक त्याला गुलाम आणायला आफ्रिकेत पाठवून देतो, म्हणजे परत येऊच नये अशा हिशोबाने. सिनेमा मला तुकड्यातुकड्यात आवडला, एकूण नाही.

मी_विदर्भाची :

आणि किस ऑफ द स्पायडर वुमन विसरलात का? १९८५, डायरेक्टर बाबेन्को, विल्यम हर्टला ऑस्कर मिळालं तो. त्यातला तुरुंगाधिकारी लेवगॉयच ना? कैद्याला समोर बसवून गोड बोलून खबरी करायचा प्रयत्न, तुझी आई आजारी आहे, लवकर सुटशील, वगैरे. मारहाण दुसरे करतात, हा फक्त समजूतदारपणे बोलतो. मला तेव्हा नाव माहीत नव्हतं पण तो माणूस लक्षात राहिला होता. लष्करी राजवट संपली ती १९८५ लाच, म्हणजे असले साहेब ज्यांनी प्रत्यक्ष भोगले ते प्रेक्षक थेटरात बसलेले असणार.

मांडवीकाठ :

@मी_विदर्भाची, तोच. बघा, टोळीवाला, मग पुढारी, मग रबरशेठ, मळेवाला, तुरुंगाधिकारी. बंदूक हातातून गेली आणि खुर्ची आली, माणूस तोच.

फिल्लमबाज :

@मांडवीकाठ, हे वाक्य ढापणार मी कुठेतरी.

बाकी आता थोडक्यात. ब्लेम इट ऑन रिओ, मून ओव्हर पॅराडोर अशा हॉलिवूडवाल्यांच्या सिनेमातही तो आहे, पण तिथे "आम्हाला ब्राझीलमध्ये शूटिंग करायचंय, इंग्रजी बोलणारा एक भारदस्त म्हातारा द्या" इतपतच काम. येलचं इंग्रजी कामी आलं म्हणायचं. टीव्ही तर शेवटपर्यंत. १० फेब्रुवारी २००३ ला रिओत गेला, वय ८२. ग्रांदे ओतेलो त्याच्या आधीच, १९९३ ला, फ्रान्समध्ये नांतच्या फेस्टिव्हलला सत्कारासाठी निघालेला, पॅरिसच्या विमानतळावरच हार्ट अटॅक आला. लेवगॉयवर क्लाउदिओ कान्सने डॉक्युमेंटरी केलीय, नाव एउ एउ एउ जोझे लेवगॉय, म्हणजे मी मी मी. नावावरूनच समजा स्वभाव.

आज्जीचा_चष्मा :

हे सगळं वाचून बघावंसं वाटतंय पण मला पोर्तुगीज येत नाही आणि सबटायटल वाचता वाचता झोप लागते. सुरुवात कुठून करू?

फिल्लमबाज :

@आज्जीचा_चष्मा, तुम्ही मातार ऊ कोर्रेरपासून करा, संवाद कळले नाहीत तरी चालतं, ऑस्करितोचं तोंड बघितलं तरी बास. तेर्रा एं त्रांझी रात्री जेवण झाल्यावर अजिबात लावू नका, तो सकाळी डोकं ताजं असताना. जुने अतलांतिदाचे प्रिंट फार चांगले नाहीत हे लक्षात घ्या, आगीत आणि नंतर पुराच्या पाण्यात त्यांचं बरंच सामान गेलं, काही पिक्चर तर कायमचे गेले.

साओपावलोकर :

सासूबाईंना कार्नावाल नो फोगो लावून दिला काल. लेवगॉय दिसल्यावर म्हणाल्या हा इतका बारीक होता? मग अर्ध्यात नोव्हेलाची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.

टिंगलटवाळ :

@साओपावलोकर, मग खून कोणी केला ते कळलं का?